तांडेलला काय झालं?

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर कमळाकर दिघ्यांना ओळखत नाही असा ड्रायव्हर नव्हता आणि कंडक्टरही नव्हता. बावीस वर्षं ते वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसत होते. पेणची गाडी कुठल्या फलाटाला लागणार, महाडची का रखडलीय, हे माइकवरून सांगायचं काम त्यांचं. आवाज असा, की गाडीला दोन तास उशीर आहे हे ऐकूनही माणूस निमूट बाकावर जाऊन बसायचा. स्टँडवर कुणाची जुंपली की लोक दोघांनाही धरून त्यांच्या खिडकीपाशी आणत. कमळाकरराव चष्मा कपाळावर सरकवत आणि ठरलेला प्रश्न विचारत, "सुरुवात कशावरून झाली ते सांगा." बहुतेक वेळा सुरुवात शोधता शोधताच दोघं दमून जायचे, आणि चहा पिऊन आपापल्या वाटेला लागायचे.

रमाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांना भांडण मिटवायचं नसतंच. ह्यांना फक्त कळून घ्यायचं असतं."

नवीन पनवेलमध्ये त्यांचं बैठं घर होतं. पुढे ओटी, ओटीपुढे दहा पावलांचं अंगण, अंगणात जास्वंद आणि जास्वंदीखाली तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. कुत्र्याला हे नाव करंज्याच्या सोनाबाईनं दिलं होतं. ती मासळीच्या पाट्या घेऊन एस.टी.नं पनवेलला यायची. सत्त्याऐंशी साली एकदा पाटीतून तिनं तपकिरी रंगाचं, मुठीएवढं पिल्लू काढलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवलं. "दिघेभाऊ, ह्यो घ्या. होरीच्या नाळीवर, पार म्होरच्या टोकाला, ऐटीत बसला व्हता, तांडेलच जसा. आमच्याकडं कुत्री लय हायेत." कमळाकरराव नको म्हणेपर्यंत सोनाबाई पाटी डोक्यावर घेऊन चालती झाली होती.

सात वर्षांत तांडेलनं कधी कुणाला दात दाखवले नाहीत. कॉलनीतली झाडून सगळी कुत्री त्याच्या अंगणात येऊन पाणी पिऊन जायची. दूध केंद्रापाशी पडून असणारा म्हातारबा नावाचा एक खरूज झालेला कुत्रा होता. त्याला बाकीचे हाकलायचे, तर तांडेल त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. आणि सबनीसबाईंची बर्फी तर त्याची सखीच.

सत्यवती सबनीस पलीकडच्या ओळीत राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. बर्फी त्यांची पांढरी पोमेरियन, मांजरापेक्षा थोडीशीच मोठी. रोज सकाळी साडेसहाला मागच्या मैदानात दोघांची गाठ पडायची. बर्फी लांबूनच चेंडूसारखी उड्या घेत यायची आणि पुढचे दोन्ही पाय तांडेलच्या मानेवर टाकून उभी राहायची. तो डोळे मिटून घ्यायचा. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

चौऱ्याण्णव सालच्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी, तांडेलनं बर्फीला धरलं.

सकाळ नेहमीसारखीच होती. गवतावर दव होतं, कर्नाळ्याचा सुळका धुक्यात अर्धा बुडालेला. बर्फी धावत आली, पाय मानेवर टाकले, आणि पुढच्या क्षणी ती तांडेलच्या जबड्यात होती. तो तिला झटकत होता, जुनं पायपुसणं झटकावं तसा. कमळाकररावांनी आयुष्यात काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला, "तांडेल! सोड! सोड तिला!" तांडेलनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी त्यांनी त्याचे मागचे पाय धरून ओढले, तेव्हा जबडा सुटला.

सबनीसबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी अंगावरची शाल काढली, बर्फीला तीत गुंडाळलं आणि पोटाशी धरलं. पांढरी शाल कडेनं लाल होत गेली. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "असं का केलं हो त्यानं?"

 रिक्षा आणायला हवी, हे कमळाकररावांना क्षणभर सुचलंच नाही.

कानामागे सात टाके पडले. डॉक्टर पेणकर मूळचे गाईम्हशींचे डॉक्टर. कुत्री येतील तशी बघायचे. ते म्हणाले, "जगेल ही. पण तुमच्या कुत्र्याला दहा दिवस बांधून ठेवा आणि लक्ष द्या. पाणी पितो की नाही, आवाज बदलतो का, बघा."

"तुम्हाला पिसाळल्याची शंका आहे का? दर वर्षी इंजेक्शन देतो मी त्याला."

"मला शंका नाही. पण तुम्हालाही शंका राहायला नको."

घरी आले तर तांडेल अंगणात शेपूट हलवत उभा. त्याच्या हनुवटीला बर्फीचे पांढरे केस चिकटले होते. कमळाकररावांनी ते ओल्या फडक्यानं पुसले. पुसताना त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. तेच डोळे, तांबूस, जरा झोपाळू. "काय रे? काय झालं तुला?" तांडेलनं त्यांचा हात चाटला.

दहा दिवस त्यांनी त्याच्यावर नजर ठेवली. दुपारी दोनला त्यांची पाळी लागायची, तोवर ओटीवर खुर्ची टाकून बसायचे. तांडेल पाणी प्यायचा. भाकरी खायचा. उन्हात आडवा व्हायचा. दहाव्या दिवशी रमाबाई म्हणाल्या, "अहो, आता तुम्हीच पिसाळल्यासारखे दिसताय. तो बरा आहे."

"बरा आहे ना! मग असं कसं केलं त्यानं?"

"सई गेल्यापासून बिघडलाय तो," रमाबाई म्हणाल्या. सई त्यांची मुलगी; वैशाखात तिचं लग्न होऊन ती ठाण्याला गेली होती. "तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतो. हल्ली माझं काही म्हणता काही ऐकत नाही. हाक मारली तर ढिम्म हलत नाही. रुसलाय."

कमळाकररावांना ते पटलं, आणि पटलंही नाही. सईवर रुसलेला कुत्रा बर्फीला का चावेल? सईनं बर्फीला जवळ घेतलेलं त्यानं कधी पाहिलं होतं का? की त्या दिवशी त्याच्या पोटात दुखत होतं? त्यांनी त्या सकाळची मनात कितीदा तरी उजळणी केली. बर्फी धावत आली. तांडेलची शेपटी हलत होती. हो, हलत होती, त्यांनी पाहिली होती. मग पाय मानेवर. मग... त्या दोन क्षणांच्या मध्ये काहीतरी घडलं असणार, जे त्यांच्या डोळ्यांसमोर घडूनही त्यांना दिसलं नव्हतं. स्टँडवर भांडणारी माणसं निदान खोटं तरी बोलत. खोट्यातून खऱ्याकडे जाता येतं. हा तर काहीच बोलत नव्हता.

बर्फीचे टाके निघाले त्याच आठवड्यात तांडेलनं म्हातारबाला लोळवलं. दूध केंद्रापाशी कमळाकरराव पिशव्या घ्यायला रांगेत उभे होते, साखळी मनगटाला गुंडाळलेली. म्हातारबा उठला, नेहमीसारखा लंगडत मागून आला आणि त्यानं तांडेलच्या शेपटीपाशी नाक नेलं. तांडेल वीज पडावी तसा उलटा फिरला. म्हातारबा पाठीवर पडून केविलवाणा केकाटत होता. शरण आलेल्या कुत्र्याला कुत्रा सोडतो, हे कमळाकररावांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. तांडेल सोडेना. दोन माणसांनी दुधाचा क्रेट मध्ये घातला तेव्हा कुठे ते वेगळे झाले. म्हातारबा जगला, पण त्यानंतर तो दूध केंद्रापाशी दिसला नाही. कुठे गेला कुणास ठाऊक.

त्या रविवारी कॉलनीची बैठक झाली. एरवी अशा बैठकीत कमळाकरराव मधल्या खुर्चीत असायचे आणि दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे. आज त्यांची स्वतःचीच एक बाजू होती, आणि त्या बाजूनं काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

कृष्णकांत पाध्ये म्हणाले, "दिघेसाहेब, आज कुत्र्यांना चावतोय, उद्या पोरांना चावेल. कर्नाळ्याच्या पुढे नेऊन सोडून द्या. मी स्कूटर देतो."

"माणसांना तो कधीच काही करत नाही. परवा तुमचाच नातू त्याच्या पाठीवर बसला होता."

"मग कुत्र्यांनाच का करतो?"

"ते मला कळत नाहीये," कमळाकरराव म्हणाले.

 त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. सबनीसबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोडून देऊ नका. पण मैदानात आणू नका, एवढंच." बैठक तेवढ्यावर उठली.

मग उपाय सुरू झाले. बैलाला बांधतात तशी कातड्याची मुसकी त्यांनी उरण नाक्यावरच्या चांभाराकडून बनवून आणली. तांडेलनं ती अर्ध्या तासात पंजांनी ओरबाडून काढली आणि त्यांच्या चपलेशेजारी आणून ठेवली. एका ड्रायव्हरनं सांगितलं, लिंबू-मिरची उतरवून टाका. दुसरा म्हणाला, मटण बंद करा, रक्त तापतं. तांडेलला मटण वर्षातून दोनदा मिळायचं, तेही बंद झालं. पेणकर डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, जखम नाही, दात ठीक. "काही कुत्री वय झालं की तऱ्हेवाईक होतात," ते म्हणाले. कमळाकररावांनी विचारलं, "म्हणजे काय होतात?" डॉक्टर हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या शेळीकडे वळले.

कमळाकरराव दुपारी खिडकीत बसायचे तेव्हा त्यांचं लक्ष नसायचं. एकदा दोन कंडक्टर भांडत आले. एकानं दुसऱ्याच्या तोंडात मारली होती. कमळाकरराव त्यांच्याकडे बघतच राहिले. दोघं वाट पाहत होते ठरलेल्या प्रश्नाची. प्रश्न आला नाही, तेव्हा बुजून तेच निघून गेले.

पौषात तिसरी गोष्ट घडली, आणि ती सगळ्यांत वाईट होती.

कॉलनीच्या शेवटी नव्या घरांचं बांधकाम चाललं होतं. तिथं जैतू आणि मंगळी हे कातकरी जोडपं कामाला होतं. विटांची भिंत, वर पत्रा, अशा झोपडीत राहायचं. त्यांची कुत्री वाघी. मंगळी कामावर असायची तेव्हा तिचं तान्हं मूल झोळीत असायचं आणि वाघी झोळीखाली. परकं माणूस पाच पावलांवर आलं तरी ती गुरगुरायची.

त्या दिवशी सकाळी तांडेलचा पट्टा निसटला. कमळाकरराव पोचेपर्यंत वाळूच्या ढिगाआड नुसता धुरळा होता. धुरळ्यातून मंगळी ओरडत होती, आणि काहीतरी लोखंडी धडाधड वाजत होतं. मग एक दणका, आणि सगळं थांबलं. तांडेल डोकं झटकत बाजूला झाला. मंगळीच्या हातात घमेलं होतं. वाघी मागचा पाय ओढत झोळीकडे सरकत होती. पायाचं मांस लोंबत होतं, आणि तशातही ती झोळीखालीच जाऊन पडली.

"तुमचा कुत्रा बांदून ठेवता येत नाय तुमाला?" मंगळीनं घमेलं अजून खाली ठेवलं नव्हतं. "ही मेली तर माजं प्वार कोन राखंल?"

"चूक माझी आहे," कमळाकरराव म्हणाले. "चला. रिक्षा आणतो. आत्ता जाऊ."

तांडेलला घरी बांधून रमाबाई बाळाच्या झोळीपाशी येऊन बसल्या. रिक्षात मंगळी वाघीला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी कमळाकरराव अंग चोरून. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना. मंगळीचा राग थोडा उतरला होता. तिनं मध्येच विचारलं, "सायेब, तुमचा कुत्रा बयरा हाय का?"

"काय?"

"बयरा. कानानं."

"छे! बहिरा कसला. चांगला धडधाकट आहे. का?"

"म्या त्येच्या कानाशी घमेलं वाजवलं. फावड्यानं. घमेलं वाजलं की वाघ असला तरी दचकतो. आमची वाघी तसल्या दुखन्यातबी दचकली. ह्यो नाय दचकला. कान बी हलवला नाय त्येनं. मग म्या डोस्क्यातच हानलं." तिनं वाघीचा पाय सावरून धरला. "वाघी त्येला गुरगुरली व्हती आदी. लांबूनच. जवल येऊ नको म्हनून. येखादा असता तर वलून गेला असता. ह्यो सरल आला तिच्या झोलीपाशी. ती भुकत उठली, तरी ह्येला पत्ता नाय. अंगाशी भिडली तवा चवतालला."

"पण मी हाक मारली की येतो तो."

"तुमी दिसला तर येत आसंल."

फाटक उघडलं.  येतो का तो हाकेला? कमळाकररावांनी आठवून पाहिलं. ते गेटमधून आत येताना दिसले की तांडेल उठायचा. भाकरीचं ताट दिसलं की उठायचा. आणि नुसत्या हाकेला? केव्हा उठला होता शेवटचा?

मंगळीला सोडून, रमाबाईंना घेऊन घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. तांडेल ओटीवर कुशीवर झोपला होता, डोक्यावर घमेल्याचं टेंगूळ. कमळाकररावांनी रमाबाईंना खुणेनं गप्प राहायला सांगितलं, स्वयंपाकघरातून पितळेची मोठी परात आणली, तांडेलच्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले आणि परात ओटीवरून खाली अंगणातल्या दगडी फरशीवर सोडून दिली.

जास्वंदीतल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. पाध्ये खिडकीत आले, "काय पडलं हो?" परात गोल गोल फिरत, झणझणत, शेवटी थांबली. तांडेल झोपलेलाच होता. पोट वरखाली होत होतं.

रमाबाईंनी परात उचलून घेतली. "अगंबाई. आणि मी दोन महिने सगळ्यांना सांगतेय, ऐकत नाही, ऐकत नाही म्हणून."

पेणकर डॉक्टरांनी या वेळी बॅटरी लावून कान पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. आत जुना पू झाला असावा, तो वाळून गेला होता. एक कान पार गेलेला, दुसऱ्यात राहिलं असलं तर थोडंफार. "हे मी आधीच पाहायला हवं होतं," ते म्हणाले. "कशानं झालं ते नाही सांगता येणार. पाण्यात डुंबून होतं, फटाक्यानं होतं, वयानंही होतं. पण बघा, कुत्री सगळं आवाजावर ठरवतात. गुरगुरणं म्हणजे सूचना, केकाटणं म्हणजे माफी. याला सूचनाही ऐकू येत नाही आणि माफीही. मागून कुणी आलं की याच्या लेखी ते आभाळातूनच पडतं."

कमळाकररावांना हायसं वाटलं. किती दिवसांनी कुठलीतरी गोष्ट जागच्या जागी बसली होती. म्हातारबा मागून आला होता आणि त्याचं केकाटणं तांडेलला ऐकू आलं नव्हतं. वाघीची सूचना त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ते तडक सबनीसबाईंकडे गेले, चप्पल दारात काढायचंही विसरले. स्टँडवर गाडीचा मार्ग समजावून सांगावा तसं त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

बाईंनी मन लावून ऐकलं. बर्फी त्यांच्या मांडीवर होती. कानामागे केस नीट आले नव्हते. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बिचारा. पण दिघे, बर्फी तर समोरून आली होती."

कमळाकररावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"रोज यायची तशीच. त्यानं तिला लांबून पाहिलं होतं. शेपूट हलवत होता, मी पाहिलंय."

"हो," ते म्हणाले. "मीही पाहिलंय."

"ती काही गुरगुरली नव्हती. आणि तो रोज डोळे मिटून घ्यायचा."

"कदाचित कान दुखत असेल. तिचा पाय कानाला लागला असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. "लागला असेल."

पण दोघांनाही ते पुरेसं वाटलं नाही, हे दोघांनाही कळलं. कमळाकरराव घरी परत आले ते पुन्हा त्याच जागी, जिथे महिनाभरापूर्वी होते. बहिरेपणानं सगळं उलगडलं होतं, फक्त पहिली सकाळ तेवढी बाहेर राहिली होती, आणि त्यांना तर नेहमी पहिलंच हवं असायचं. त्यांनी पेणकरांना पुन्हा जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कान दुखत असेल, नसेलही. दिघेसाहेब, मी म्हशींचा डॉक्टर. म्हैस लाथ का मारते तेसुद्धा मला कधी कधी कळत नाही."

मात्र आता हाताला काम होतं. झोपलेल्या तांडेलजवळ जाताना घरात सगळे फरशीवर पाय आपटून जाऊ लागले. तो हादरा त्याला कळायचा. हाका बंद झाल्या, खुणा सुरू झाल्या. फलाटावर गाडी मागे घेताना ड्रायव्हरला दाखवायच्या हाताच्या खुणा कमळाकररावांच्या अंगातच होत्या. तळहात समोर, थांब. दोन बोटं आत, ये. हात आडवा, डावीकडे वळ. तांडेल पंधरवड्यात शिकला. त्याला बाहेर काढायचं ते भर दुपारी बाराला, बाकीची कुत्री सावलीला पडलेली असताना. साखळी दुहेरी, आणि कोपरा आला की आधी कमळाकरराव पुढे होऊन पाहणार. पाध्यांनी स्वतः गेट उंच करायला वेल्डर आणून दिला. कर्नाळ्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

वाघीचा पाय वाचला, पण आखडला. महिनाभर कमळाकरराव रोज सकाळी तिच्यासाठी दूधभाकरी घेऊन बांधकामावर जायचे. पहिले काही दिवस ती त्यांच्यावर गुरगुरायची. ते लगेच थांबायचे, वाडगं तिथंच ठेवायचे आणि मागे सरकायचे. जैतू हसायचा. "सायेब, तुमी चांगलं आयकता." मंगळी हसायची नाही. एक दिवस मात्र तिनं वाडगं परत देताना सांगितलं, "आता ती उटून फिरते. उद्यापासून नका येऊ." शिमग्याच्या आधी तिथलं काम संपलं. ओवे गावाकडे नवं काम निघालं होतं. तिघं तिकडे गेली. तिघं आणि वाघी. ट्रकमध्ये विटांवर बसून ती लंगड्या पायानं तोल सांभाळत होती. कमळाकररावांनी हात वर केला. मंगळीनं पाहिलं की नाही, त्यांना कळलं नाही.

सबनीसबाई आणि बर्फी साडेसहाला मैदानात जायच्या, ते बदललं नाही. तांडेल त्या वेळी गेटच्या फटीला नाक लावून उभा राहायचा. बर्फी समोरून जाताना एकदा थांबायची. दोघं एकमेकांकडे बघायची. बाई तिला कधी ओढायच्या नाहीत. मग ती आपणहून पुढे निघायची. त्या बघण्यात काय होतं, भीती का ओळख, ह्यावर बाईंची आणि कमळाकररावांची कधी तरी चर्चा व्हायची आणि कधीच एकमत व्हायचं नाही.

अशी दीड वर्षं गेली. तांडेलच्या तोंडावर पांढरं आलं. शहाण्णवच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी रमाबाई अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी दबक्या आवाजात हाक मारली, "अहो, या लवकर. हळू या."

जास्वंदीखाली तांडेल झोपला होता. त्याच्या पोटाशी, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, काळं-पांढरं एक पिल्लू झोपलं होतं. गेटखालच्या फटीतून आलं असावं. कुठलं, कुणाचं, कळायला मार्ग नव्हता. इवलंसं, पोट टरटरीत, कान अजून दुमडलेले.

"उचलू का त्याला?" रमाबाईंनी विचारलं.

"उचल. नको, थांब. तांडेल दचकला तर?"

"आणि नाही उचललं तर?"

"ते पण आहे." कमळाकररावांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. पाय आपटून तांडेलला जागं करावं, तर जागं होता होता तो काय करेल? न करावं, तर पिल्लू आधी जागं होईल. ओल्या साडीचं पाणी रमाबाईंच्या पायांवर ठिबकत होतं. दोघं तशीच उभी राहिली.

पिल्लू जागं झालं. त्यानं जांभई दिली, धडपडत उठलं, आणि समोर दिसला तो तांडेलचा बहिरा कान तोंडात धरून ओढला.

तांडेलनं डोळे उघडले. कमळाकररावांनी हात वर केला, तळहात समोर, पण तांडेल त्यांच्याकडे बघत नव्हता. तो पिल्लाकडे बघत होता. मग त्यानं कान सोडवून घेतला, पिल्लाला नाकानं एकदा उलटं करून हुंगलं, पुन्हा सरळ केलं, आणि डोकं खाली टेकवलं.

"हे काय आता?" रमाबाई म्हणाल्या.

"मला काय विचारतेस," कमळाकरराव म्हणाले, आणि खाली ओटीच्या पायरीवर बसले. पिल्लानं दुसरा कान पकडला होता.